वाट पाहण्याची इंग्रजी क्रियापदे



गेल्या उन्हाळ्यात किनवटचा एक विद्यार्थी आपल्या अर्जाचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. बारावीची परीक्षा दिलेला, अभ्यासू मुलगा. पुढील शिक्षणासाठी मोठ्या शहरी जायचे होते. तिथल्या एका वसतिगृहात जागा मिळावी म्हणून त्याने इंग्रजीत अर्ज लिहिला होता. अक्षर नेटके, स्पेलिंग बिनचूक. शेवटी मात्र तीन वाक्ये होती. पहिले, 'आय ॲम एक्स्पेक्टिंग अ रूम इन युवर हॉस्टेल.' दुसरे, 'आय ॲम वेटिंग फॉर युवर रिप्लाय.' आणि तिसरे, 'आय लुक फॉरवर्ड टु मीट यू.'

मी म्हणालो, "अरे, हा अर्ज आहे की वसुलीची नोटीस?"

तो गोंधळला. म्हणाला, "सर, शब्दकोश पाहूनच लिहिलंय."

आणि ते खरेच होते. त्याच्या मनात होते ते इतकेच, की जागा मिळावी अशी आशा आहे, उत्तराची वाट पाहतो आहे, आणि भेटीची उत्सुकता आहे. मनात नम्रता होती, पण कागदावर तगादा उतरला होता. पहिले वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला सांगत होते, 'खोली मला मिळणारच आहे, तयार ठेवा.' दुसरे सांगत होते, 'अजून उत्तर का नाही?' तिसऱ्यात व्याकरणाची एक लहानशी चूक होती. गंमत पाहा. चूक होती ती तिसऱ्या वाक्यात. पहिली दोन व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती, आणि नुकसान त्यांनीच जास्त केले असते. व्याकरणाची चूक वाचणारा माफ करतो, कारण ती चूक आहे हे त्याला कळते. सूर चुकला तर तो म्हणतो, मुलगा उद्धट दिसतो. आपल्या खेड्यापाड्यांतली मुले इंग्रजीत पहिला अर्ज लिहितात तेव्हा त्यांची पारख अशा एखाद्या क्रियापदावरून होते, आणि ती झाली हे त्यांना कधी कळतही नाही. म्हणून आज या क्रियापदांविषयी थोडे बोलावे असे ठरवले आहे.

इंग्रजीत पुढच्या गोष्टीकडे पाहणाऱ्या क्रियापदांचे एक मोठे कुटुंब आहे. एक्स्पेक्ट, होप, वेट, अवेट, लुक फॉरवर्ड टु, अँटिसिपेट, फोरसी, प्रेडिक्ट, फोरकास्ट. शब्दकोश उघडावा तर अपेक्षा करणे, आशा करणे, वाट पाहणे हेच अर्थ आलटून पालटून समोर येतात. त्यामुळे वाटते, कोणतेही घ्या, काम भागेल. ते भागत नाही. यांतले प्रत्येक क्रियापद मनातल्या मनात तीन प्रश्नांची उत्तरे देत असते. पुढची गोष्ट घडेल याची खात्री किती? ती घडावी असे वाटते का? आणि तिच्यासाठी आपण आधी काही केले का? हे तीन प्रश्न विचारायची सवय लावून घेतली, म्हणजे बरेचसे कोडे सुटते.

आता हा विषय किनवटच्या माणसाला जड वाटू नये. किनवट हे अनेक भाषांचे गाव आहे. 1956 साली राज्यपुनर्रचना होण्यापूर्वी हा तालुका हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्यानंतर तो नांदेडात आला. मराठी आणि तेलुगू इथे शेजारी शेजारी नांदतात, गोंडी आणि बंजारा बोली कानावर पडतात, आणि निजामी काळात कचेरीची भाषा उर्दू असल्यामुळे तिचे शब्द आजही तोंडात आहेत. तेव्हा इथला माणूस वाट पाहतो तीच मुळी तीनचार भाषांत.

त्या भाषा काय म्हणतात ते ऐकण्यासारखे आहे. मराठीत आपण वाट 'पाहतो'. पाहुणा ज्या वाटेने येणार तिच्याकडे डोळे लावतो. तेलुगू माणूस म्हणतो 'एदुरु चूडु', म्हणजे शब्दशः समोर पाहणे. उर्दूतला 'इंतजार' अरबीतून आला, आणि त्याचे मूळ तेच, जे 'नजर' या शब्दाचे. संस्कृतातून घेतलेले प्रतीक्षा आणि अपेक्षा यांतही 'ईक्ष' म्हणजे पाहणे हा धातू बसला आहे. इतक्या दूरदूरच्या भाषा, पण येणाऱ्या गोष्टीची वाट सगळ्या डोळ्यांनीच पाहतात! इंग्रजीही याला अपवाद नाही. फरक एवढाच, की इंग्रजीत डोळ्याबरोबर हात, तोंड आणि मन यांनाही वेगवेगळी क्रियापदे वाटून दिलेली आहेत. आपण त्याच क्रमाने जाऊ.

पहिले डोळ्याचे क्रियापद म्हणजे 'एक्स्पेक्ट'. लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून ते आले त्याचा अर्थ बाहेर नजर लावून पाहणे. चष्म्याला इंग्रजीत स्पेक्टॅकल्स म्हणतात, आत डोकावून तपासणाऱ्या अधिकाऱ्याला इन्स्पेक्टर म्हणतात. तोच 'स्पेक्ट' इथेही आहे. मात्र आजच्या इंग्रजीत एक्स्पेक्टचा भर खात्रीवर असतो. कारणे पाहून, हिशेब करून वाटते की हे होईल, तेव्हा एक्स्पेक्ट. ते व्हावे असे वाटते की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पूर येईल असे वाटले तरी इंग्रज एक्स्पेक्टच म्हणतो, आणि पेढे येतील असे वाटले तरी एक्स्पेक्टच म्हणतो.

इथेच आपला पाय घसरतो. मराठीतल्या 'अपेक्षा' शब्दाला इच्छेचा वास आहे. आपण पुराची अपेक्षा करीत नाही. पुराची भीती असते, फार तर शक्यता असते. म्हणून इंग्रजी बातमीत मुसळधार पाऊस 'एक्स्पेक्टेड' आहे असे वाचून कोणी घाईघाईने 'मुसळधार पावसाची अपेक्षा' असे मराठी करतो, तेव्हा पैनगंगेकाठच्या माणसाला वाटावे की कोणीतरी पुराला आमंत्रण देत आहे. तिथे 'शक्यता' हाच शब्द हवा. उलट बाजूने, मराठीतली सौम्य अपेक्षा इंग्रजीत एक्स्पेक्ट म्हणून लिहिली, की तिची खात्री होते, आणि खात्रीतून हक्क डोकावू लागतो. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले.

एक्स्पेक्टमध्ये हक्क आणि कर्तव्य किती सहज शिरतात, याची एक इतिहासप्रसिद्ध हकिकत आहे. 21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रॅफल्गारच्या लढाईपूर्वी इंग्रज सेनापती नेल्सन याला आपल्या जहाजांना निशाणांनी एक संदेश द्यायचा होता. प्रत्येक माणूस आपले कर्तव्य बजावील असा इंग्लंडला भरवसा आहे, असे सांगावे, हा त्याचा विचार. निशाणे लावणारा अधिकारी पास्को म्हणाला, भरवशासाठी जो शब्द योजला आहे तो संकेतपुस्तकात नाही, एकेक अक्षर लावावे लागेल. 'एक्स्पेक्ट्स' मात्र पुस्तकात आहे, ते चटकन होईल. नेल्सनने मान्य केले. निशाणांची बचत झाली. पण भरवसा जाऊन अपेक्षा आली, आणि तिच्यात हुकमाचा सूर मिसळला. वरिष्ठ कनिष्ठाला एक्स्पेक्ट म्हणतो तेव्हा तो सूर असतोच. मग अर्जदाराने तो वरिष्ठाला लावावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रेल्वेच्या फलाटावर या शब्दाचा शुद्ध अर्थ पाहायला मिळतो. नंदीग्राम एक्स्प्रेसची वेळापत्रकातली वेळ ती 'शेड्यूल्ड'. आज उशीर धरून ती प्रत्यक्ष कधी येईल ती 'एक्स्पेक्टेड'. इथे कोणाचा हक्क नाही, कोणाची हौस नाही, फक्त माहितीवरून बांधलेला हिशेब आहे. घरातल्या सुनेला दिवस गेले म्हणजे इंग्रजीत 'शी इज एक्स्पेक्टिंग' म्हणतात, तेही याच अर्थाने. आपण दिवस म्हणतो, ते अपेक्षा म्हणतात. दोघांचीही बोटांवर मोजणी चालूच असते!

त्याच फलाटावर दुसरे क्रियापद बसलेले असते, 'वेट'. त्याचे कूळ 'वॉच' आणि 'वेक' या शब्दांच्या जवळचे; मूळ अर्थ जागे राहून पहारा करणे. म्हणजे हेही जन्माने डोळ्याचेच. पण आता त्यात डोळ्यापेक्षा बैठक अधिक आहे. जो थांबला आहे, वेळ घालवतो आहे, तो वेट करतो. मनात खात्री असो वा नसो. 'मी तुमची वाट पाहत होतो, पण तुम्ही याल असं वाटलं नव्हतं,' हे आपण म्हणतो ना? त्यातला पूर्वार्ध वेट, उत्तरार्ध एक्स्पेक्ट. उद्या पाऊस पडेल असे एक्स्पेक्ट करणारा खुशाल आपल्या कामाला जातो; वेट करणारा ओट्यावर बसून राहतो. म्हणूनच पत्रात 'आय ॲम वेटिंग' लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, हा गृहस्थ काम टाकून माझ्या दारात बसला आहे. स्नेह्याला लिहायला हरकत नाही. अनोळखी अधिकाऱ्याला लिहू नये. 'अवेट' हा याचाच दरबारी पोशाखातला भाऊ. त्याला 'फॉर' लागत नाही, आणि तो घरगुती बोलण्यात शोभत नाही.

तिसरे 'लुक फॉरवर्ड टु'. हे तर उघडउघड पुढे पाहणे. पण यात आनंद आहे. खात्री बऱ्यापैकी, आणि ओढ पुरेपूर. माहूरच्या यात्रेला जायचे ठरले आहे, बहीण माहेरी यायची आहे, आणि कधी एकदा तो दिवस उजाडतो असे झाले आहे, तिथे हे क्रियापद. परीक्षेला किंवा दात काढून घेण्याला ते लावू नये. लावले तर लोक थट्टा समजतील. पत्राच्या शेवटी मात्र ते सभ्यपणाचे मानले जाते. कारण ते समोरच्यावर दडपण आणीत नाही, त्याच्या उत्तराने मला आनंद होईल एवढेच सांगते.

विद्यार्थ्याची तिसऱ्या वाक्यातली चूक इथली. 'टु मीट' असे त्याने लिहिले. पाहिजे होते 'टु मीटिंग'. शेकडो मुले इथे चुकतात, कारण 'टु' नंतर मूळ क्रियापद यावे असे त्यांना शिकवलेले असते. पण हा 'टु' त्या जातीचा नव्हे. हा आपल्या 'कडे' या प्रत्ययासारखा आहे. आपण भेटीकडे डोळे लावतो, किंवा भेटण्याकडे. 'भेट' या धातूकडे कोणी डोळे लावत नाही. 'कडे' म्हणून पाहा, चूक होणार नाही.

डोळ्याचे शेवटचे क्रियापद 'फोरसी'. पुढे जाऊन पाहणे. आपण ज्याला दूरदृष्टी म्हणतो ते. ज्याला अजून कोणी पाहिले नाही ते अनुभवाच्या बळावर आधीच दिसणे. यात इच्छा नाही, बैठक नाही, हात हलवणेही नाही. ज्याला दिसले तो गप्पही बसू शकतो, आणि पुष्कळदा बसतोच.

आता हाताकडे येऊ. 'अँटिसिपेट' हे हाताचे क्रियापद. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आधीच हाती घेणे. पुढे काय होणार हे ओळखून त्याच्या आधी काहीतरी करून ठेवणे, हा त्याचा गाभा. अटक होण्यापूर्वीच न्यायालयातून जामीन मिळवतात, त्याला इंग्रजीत 'अँटिसिपेटरी बेल' म्हणतात. मराठीत आपण फार चांगला शब्द केला आहे, अटकपूर्व जामीन. घरात बसून 'मला अटक होईल' असे नुसते वाटून घेणारा एक्स्पेक्ट करतो. वकील गाठणारा अँटिसिपेट करतो. बुद्धिबळात प्रतिपक्षाची चाल ओळखून आपला मोहरा आधीच हलवणारा अँटिसिपेट करतो. आता हे कबूल केले पाहिजे की आजकाल इंग्रजी वर्तमानपत्रांतही हा शब्द एक्स्पेक्टच्या जागी सर्रास घालतात, आणि शब्दकोशांनीही तो अर्थ नोंदला आहे. पण काटेकोर लिहिणारे अजून हा भेद पाळतात, आणि आपण पाळावा हे बरे. कारण भेद मोडला तर हाताचे क्रियापद भाषेतून जाईल.

'फोरकास्ट' हेही हाताचेच. 'कास्ट' म्हणजे फेकणे. पुढे नजर टाकावी तसा हिशेब पुढे टाकणे. मौज अशी, की आपला 'अंदाज' हा शब्द फारसीतल्या ज्या क्रियापदापासून आला त्याचाही अर्थ फेकणेच. गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, तिरंदाज म्हणजे तीर फेकणारा. आणि हवामानाचा अंदाज म्हणजे उद्यावर फेकलेला हिशेब. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच चित्र काढले. पण नुसत्या तर्काला फोरकास्ट म्हणत नाहीत. त्यामागे मोजमाप लागते, रीत लागते.

तोंडाचे क्रियापद 'प्रेडिक्ट'. आधी बोलून दाखवणे. आपले भाकीतही 'भाकणे' म्हणजे बोलणे यापासूनचे. फोरसी करणारा गप्प बसू शकतो, प्रेडिक्ट करणाऱ्याला तोंड उघडावेच लागते, आणि म्हणून चुकले तर तोच पकडला जातो. शास्त्रज्ञ ग्रहणाची वेळ प्रेडिक्ट करतो, ज्योतिषी निवडणुकीचा निकाल प्रेडिक्ट करतो. क्रियापद दोघांना एकच, आधार मात्र वेगळा.

राहिले मन, म्हणजे 'होप'. यात इच्छा पूर्ण आहे, खात्री अर्धी, कधी तीही नाही. आजाऱ्याच्या उशाशी बसलेला माणूस होप करतो. अपेक्षा मोडली तर आपण अपेक्षाभंग म्हणतो. आशा मोडली तर निराशा. अपेक्षाभंगात थोडा राग असतो, निराशेत तो नसतो. एक्स्पेक्ट आणि होप यांतला भेद मराठीनेच असा सांभाळून ठेवला आहे. एक व्याकरणाची गोष्ट लक्षात ठेवावी. 'आय एक्स्पेक्ट यू टु कम' चालते, 'आय होप यू टु कम' चालत नाही; तिथे 'आय होप यू विल कम' असेच म्हणावे. आशेला दुसऱ्याकडून काम करवून घेता येत नाही, एवढे ध्यानात धरले तरी पुरे.

आता ही सगळी क्रियापदे एका जागी पाहू. त्यासाठी मृगाचे दिवस आणि किनवटचे शेत यांहून चांगली शाळा नाही.

भारतीय हवामान खाते 1875 साली स्थापन झाले. 1886 साली ब्लॅनफर्ड यांनी हिमालयावरचा बर्फ पाहून पावसाळ्याचा पहिला रीतसर अंदाज दिला. आजही एप्रिलात अंदाज येतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत देशात सरासरी 87 सेंटिमीटर पाऊस धरतात, आणि यंदा त्याच्या शेकडा किती पडेल हे सांगून चूक किती होऊ शकते तेही सांगतात. हे फोरकास्ट. ते ऐकून वर्तमानपत्रात कोणी जाणकार ठामपणे लिहितो की यंदा पीक बुडणार, किंवा तरणार. ते प्रेडिक्ट. गावातला म्हातारा वारा पाहतो, मुंग्यांची धावपळ पाहतो, मान हलवतो आणि काही बोलत नाही. त्याला फोरसी म्हणावे. पोराटोरांना पहिल्या पावसात भिजायचे असते. ती लुक फॉरवर्ड करतात. शेतकरी नांगरट करून, बी आणून बांधावर उभा आहे. तो वेट करतो. दरवर्षीचा अनुभव आहे, तेव्हा जूनच्या मध्यापर्यंत पाऊस येईल असे तो धरून चालतो, हे एक्स्पेक्ट. आणि कपाशीवर काढलेले कर्ज आठवून तो आकाशाकडे पाहतो, तेव्हा होप.

मग एखादा कोरड्या जमिनीतच सरकी टोबतो. त्याला आपल्याकडे धूळपेरणी म्हणतात. पाऊस येणार हे धरून पावसाच्या आधी हात चालवणे, म्हणजे अँटिसिपेट. साधले तर पीक आठवडाभर पुढे जाते. पाऊस लांबला, किंवा एक सर देऊन निघून गेला, तर बी जमिनीतच जळते, आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून कृषी खाते दरवर्षी सांगते, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. इंग्रजीत सांगायचे तर त्याचा अर्थ असा : होप खुशाल करा, एक्स्पेक्टही करा, पण अँटिसिपेट करण्यापूर्वी ओल मोजा. देशभराचा फोरकास्ट चांगला आला म्हणून आपल्या शिवारातली ओल कोणी हमखास दिलेली नसते. आशा आणि खात्री यांची गल्लत केली, तर पत्रात फार तर सूर बिघडतो. शेतात बियाण्याची पिशवी जाते.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितले. तो शेतकऱ्याचाच मुलगा. त्याला धूळपेरणी समजावून द्यावी लागली नाही. त्याने मसुदा पुढे ओढला. पहिले वाक्य खोडून लिहिले, 'आय होप यू विल काइंडली कन्सिडर माय ॲप्लिकेशन.' दुसरे काढूनच टाकले. तिसऱ्याचे केले, 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू.' तीनाची दोन वाक्ये झाली, आणि अर्ज माणसासारखा बोलू लागला.

जाताना मी त्याला विचारले, "काय रे, मिळेल ना जागा?"

तो दारातच थांबला. म्हणाला, "सर, आय होप सो."

"एक्स्पेक्ट सो नाही?"

"ते यादी लागल्यावर," तो म्हणाला, आणि पाकीट घेऊन टपालकचेरीकडे गेला.